राजाच्या अंगावरचा हत्ती

१९९६ च्या दिवाळीआधीच्या रविवारी सकाळी, सुरतेच्या लिंबायतमधल्या आमच्या घरात, आईने १९१९ सालचा चांदीचा एक रुपया पांढरे दंतमंजन लावून घासला. तोच रुपया त्या दुपारी भागळजवळच्या एका दुकानात तपासायला न्यायचा होता. तपासणी त्याच्या पृष्ठभागाची होती.

हे का घडले याबद्दल घरात पुढची कित्येक वर्षे एकमत झाले नाही. मी तेव्हा एका मराठी दैनिकाला सुरतेहून बातम्या पाठवत असे. एकाच घटनेची तीन माणसांकडून तीन निवेदने ऐकण्याची मला सवय होती. फरक इतकाच की ती माणसे माझ्या घरातली नसत आणि त्यांच्याबरोबर जेवायला बसावे लागत नसे.

आमच्या घरात अहिराणी बोलली जायची. इथे बहुतेक बोलणे प्रमाण मराठीत दिले आहे. जिथे शब्दाला महत्त्व आहे तिथे तो आहे तसा ठेवला आहे.

रुपया आजोबांचा, म्हणजे वडिलांच्या वडिलांचा. एका बाजूला मुकुट घातलेला राजा, दुसऱ्या बाजूला वेलबुट्टीच्या गोलात किंमत आणि साल. राजाच्या अंगावर झगा आहे, झग्यावर पदकांची साखळी आहे आणि त्या साखळीत, छातीच्या खालच्या भागात, तांदळाच्या दाण्याएवढा हत्ती आहे. म्हणजे असायला हवा. आमच्या रुपयावर त्या जागी सपाट चांदी होती. मुकुटातले मणी मोजता येत होते, दाढीचा केस न् केस वेगळा होता, पण हत्ती नव्हता.

या हत्तीवर सगळे अडले होते.

आजोबा खान्देशातल्या एका तालुक्याच्या गावी सरकारी तिजोरीवर पहारेकरी होते. त्यांची गोष्ट अशी: टाकसाळीतून नव्या रुपयांच्या मोहोरबंद थैल्या आल्या. रात्री कोणी तरी कुलपाशी खटपट केली. आजोबांनी हाक मारून त्याला पळवून लावले. दुसऱ्या दिवशी थैल्या उघडल्या तेव्हा साहेबाने वरचा एक कोरा रुपया काढून त्यांच्या हातावर ठेवला आणि स्वतःच्या खिशातला जुना रुपया थैलीत टाकला. आजोबांनी तो कधी खर्च केला नाही. "या रुपयानं बाजार पाह्यला नाही," हे त्यांचे वाक्य. ते वारल्यावर रुपया आणि वाक्य, दोन्ही वडिलांकडे आले.

गावाची गोष्ट वेगळी होती. गाव म्हणे, थैलीत एक रुपया कमी भरला आणि पहाऱ्यावर कोण होते ते सगळ्यांना माहीत आहे. आजोबांवर कधी काही शाबीत झाले नाही. नोकरीही गेली नाही. पण घराला नाव पडले ते पडले: थैलीवाले.

वडील लहानपणीच मामाकडे शिकायला गेले, तिथून सुरतेला येऊन पॉवरलूमवर लागले. त्यांना हे नाव फारसे ऐकावे लागले नाही. त्यांचे थोरले भाऊ, आमचे काका, गावात वाढले. शाळेत त्यांना हजेरीच्या वेळी मागच्या बाकावरून 'थैली हाजिर' असे ओरडत. ते पुढे बारडोलीच्या बाजूला एका साखर कारखान्यात ऊस मोजायच्या काट्यावर लागले आणि गावाचे नाव घेणे त्यांनी बंद केले.

त्यामुळे दोन भावांना त्या एकाच रुपयाकडून दोन उलट गोष्टी हव्या होत्या. रुपया कोरा ठरला तर आजोबांचे वाक्य खरे, असे वडिलांचे म्हणणे. रुपया कोरा ठरला तर तो थैलीतलाच, म्हणजे गावाचेच खरे, असे काकांचे म्हणणे. काकांना तो झिजलेला हवा होता. चार हातांतून फिरलेला, बाजारात कोणालाही मिळतो तसला. तसे झाले तर आजोबा थोडे बढाईखोर ठरत होते, पण चोर ठरत नव्हते.

हा वाद अनेक वर्षे घरातल्या घरात होता. तो बाहेर काढला वडिलांनी. निवृत्तीनंतर त्यांना सुरतेतल्या नाणी जमवणाऱ्यांचे एक मंडळ सापडले. मंडळ दिवाळीच्या सुटीत एका शाळेच्या सभागृहात प्रदर्शन भरवत असे. वडिलांनी आपले एकुलते एक नाणे द्यायचे ठरवले आणि शेजारी ठेवायचे कार्डही लिहून टाकले. त्यावर वळणदार अक्षरात होते: 'टाकसाळीतून थेट. बाजार न पाहिलेला.' खाली आजोबांची गोष्ट, साहेब आणि थैलीसकट.

बातमी बारडोलीला पोचली. काकांचा फोन शेजारच्यांकडे आला. वडील बोलून परतले तेव्हा त्यांचे कान लाल होते.

"काय म्हणाले?" मी विचारले.

"म्हणे, अर्धं लिंबायत आपल्या तालुक्याचं आहे. प्रदर्शनाला कोणी जाणार नाही असं वाटतं का तुला? म्हणे, बापाची चोरी काचेत मांडतोस."

"मग?"

"मग काय? मी म्हटलं, चोरी तुझ्या डोक्यात आहे, दादा. काचेत रुपया आहे."

मंडळाची मात्र अट होती. कार्डावर 'कोरा' असे म्हणायचे असेल तर त्यांच्या जाणकाराने तसे सांगायला हवे. हे जाणकार म्हणजे भागळजवळचे चांदीचे दुकानदार. त्यांना सगळे शेठ म्हणत. दर्शनी भागात पैंजण, वाट्या, लक्ष्मीची छाप असलेले धनत्रयोदशीचे शिक्के. आत एका लाकडी पेटीत जुनी नाणी. मंडळात त्यांचा शब्द शेवटचा समजला जाई. तो शब्द त्यांच्याकडून काढून घेणे मात्र विचारणाऱ्याचे काम, असा त्यांचा समज होता.

पहिल्यांदा वडील आणि मी गेलो तो आठवड्याच्या मधला दिवस होता, संध्याकाळची वेळ. दुकानात गर्दी होती. वडिलांनी रुपया पुढे केला तो अंगठ्याने राजाचा चेहरा दाबून.

"कोरथी पकडो, भाऊ, कोरथी," शेठ म्हणाले. काठाने धरा. "चहेरा पर आंगळी नहीं. राजा छे, लारीनुं टामेटुं नथी." चेहऱ्यावर बोट नको; हा राजा आहे, हातगाडीवरचा टोमॅटो नाही.

त्यांनी भिंग डोळ्याला लावले. रुपया थोडा तिरपा केला, परत सरळ केला. मग ठेवून दिला आणि एका बाईला पैंजणाचा भाव सांगितला.

"कोरा आहे ना?" वडिलांनी विचारले.

"हाथी नथी," शेठ म्हणाले.

"ते मलाही दिसतंय. झिजलाय की कोरा आहे?"

"हाथी केम नथी, ए सवाल छे." हत्ती का नाही, हा प्रश्न आहे.

मग गिऱ्हाइके सांभाळत, तुकड्या-तुकड्यांत, अर्धे गुजरातीत आणि अर्धे हिंदीत त्यांनी जे सांगितले त्याचा सारांश असा. ठसा खोलगट असतो. यंत्राचा ठोका पडला की चकतीची चांदी दबून त्या खोलीत शिरते आणि चित्र उठते. ठोका कमी पडला तर सगळ्यांत खोल जागेपर्यंत चांदी पोचत नाही आणि चित्राचा तेवढा भाग जन्मतःच सपाट राहतो. त्या वर्षांत रुपये भरमसाट पाडले गेले, म्हणून या हत्तीच्या जागी ठोका कमी पडल्याचे पुष्कळदा दिसते. दुसरीकडे, हत्ती नीट उठलेला असला तरी तो उंच जागी असल्यामुळे खिशात आणि गल्ल्यात घासला जाऊन तोही सपाट होतो. सपाट दोन्ही. फरक एवढाच की जन्मतः सपाट राहिलेल्या जागेवर टाकसाळीचे पाणी, म्हणजे नव्या चांदीची झळक, तशीच असते. झिजलेल्या जागेवर ती नसते. तिथे चांदी गुळगुळीत आणि मेलेली दिसते.

"मग बघा ना पाणी," वडील म्हणाले.

शेठनी वर बोट दाखवले. "ट्यूबलाइट."

"तर काय झालं?"

"छोकरी जोवा जाव तो ट्यूबलाइटमां हा पाडो छो? रविवारे बपोरे आवो. आ बारीमांथी तडको आवे छे. तडको जूठुं नथी बोलतो." मुलगी बघायला गेलात तर ट्यूबच्या उजेडात होकार देता का? रविवारी दुपारी या, या खिडकीतून ऊन येते आणि ऊन खोटे बोलत नाही.

"शेठ, अंदाजानं तरी सांगा."

"अंदाजे तो हुं जमाई पण पसंद करुं. पछी आखी जिंदगी कोण भोगवे?"

परतताना रिक्षात वडील एकच वाक्य म्हणाले. ते इथे देण्यासारखे नाही.

शनिवारी शेठचा फोन शेजारच्यांकडे आला. घरात वडील नव्हते, मी नव्हते. धाकटा भाऊ गेला. तो सुरतेत जन्मला, गुजराती शाळेत शिकला आणि कापड मार्केटमध्ये नोकरी करत होता. त्याला गुजराती आमच्या सगळ्यांपेक्षा चांगले येत होते, म्हणून निरोप त्याने घेणे योग्यच झाले असे त्या वेळी सर्वांना वाटले. शेठ म्हणाले: उद्या दुपारी नक्की या, संध्याकाळी मला बाहेर जायचे आहे, "सिक्को घसायेलो छे के नहीं, ए जोवुं पडशे."

गुजरातीत घसायेलो म्हणजे झिजलेला. भावाला ते पक्के माहीत होते. घरी येऊन त्याने चप्पल काढता काढता स्वयंपाकघराकडे तोंड करून निरोप सांगितला: "माय, उद्या दुपारी जावानं शे. रुपया घासेल शे का नही, ते देखनं पडी म्हणे शेठ."

अहिराणीत घासेल म्हणजे घासलेला. भांडी घासतात तसा.

आईने काहीच विचारले नाही. दिवाळीची घासपूस चालूच होती. समया, तांब्या, देवाची भांडी ओट्यावर मांडलेली होती. पितळेला चिंच, चांदीला दंतमंजन, हा तिचा नियम. पितळेचे काम शनिवारी झाले. चांदी रविवारी सकाळी.

मी रविवारी दहाच्या सुमारास उठून बाहेर आले तेव्हा रुपया पाटावर पांढऱ्या फडक्यावर ठेवला होता. तो इतका चकाकत होता की प्रथम मला वाटले, कोणी तरी धनत्रयोदशीचा नवा शिक्का आणला आहे.

"आते कसं दिसस?" आईने विचारले. आता कसा दिसतो?

मी राजाकडे बघितले. मुकुट होता, दाढी होती. गालावर बारीक गोल ओरखडे होते, तव्यावर काथ्याचे असतात तसे.

"माय, हा का घासलास?"

"का म्हणजे? शेठ बघणार ना घासलाय का नाही ते. मना सासराना रुपया शे, मैला कसा धाडू? उद्या तो म्हणेल, खान्देशी बाईला चांदी घासता येत नाही."

भाऊ दात घासत होता. तो ब्रश तोंडात ठेवून मोरीच्या दारात आला आणि तसाच उभा राहिला.

"मी असं म्हटलंच नाही," तो म्हणाला.

"तूच सांगं ना! घासेल शे का नही!"

"अगं, घासेल म्हणजे घासेल नाही. घसायेलो!"

"मग घासेल का म्हटलंस?"

"तुला कळावं म्हणून!"

वडील अंघोळ करून आले. त्यांनी रुपया पाहिला, आईकडे पाहिले, मग मोरीच्या दारातल्या ब्रशकडे पाहिले. ते ओरडतील असे वाटले होते. ते पाटाशेजारी खाली बसले.

"कशानं?" त्यांनी विचारले.

"दंतमंजनानं," आई म्हणाली. "राख नाही लावली. राखेनं चरे पडतात, मला कळतं तेवढं."

"तिला कळतं तेवढं," वडील माझ्याकडे बघून म्हणाले.

"आता आबा, प्लेगनंतर गेल्या वर्षी सगळं सुरत घासून काढलं," भाऊ वडिलांना म्हणाला. "रस्ते घासले, गटारं घासली. एक आपला रुपयाच राहिला होता."

त्याचे हे वाक्य पुढे बऱ्याच लग्नांत सांगितले गेले आणि लोक हसले. त्या सकाळी कोणी हसले नाही. वडिलांनी ब्रश त्याच्या तोंडातून काढून मोरीत फेकला.

मी सुचवले की आज न जावे. वडील म्हणाले, दादा बारडोलीहून निघाला आहे. काकांनी तपासणीच्या वेळी स्वतः हजर राहणार असे कळवले होते. त्यांच्या पाठीमागे ठरलेले काहीही ते मानणार नव्हते.

काका बाराच्या आत आले. आईने पाणी दिले. काकांनी रुपया हातात घेतला, खिडकीजवळ नेला आणि बराच वेळ बघितला.

"घासला?" त्यांनी विचारले.

"चुकून," वडील म्हणाले.

"चुकून." काकांनी रुपया फडक्यावर ठेवला. "धाकल्या, पुरावा पुसायला तुला तपासणीचाच दिवस मिळाला होय?"

"पुरावा माझ्या बाजूचा होता!" वडील म्हणाले. "मी कशाला पुसू?"

"ते तू म्हणतोस."

"दादा, हिनं घासला."

"तिला कोणी सांगितलं?"

यावर भावाने पुन्हा एकदा घासेल आणि घसायेलो यांतला फरक समजावून सांगितला. काकांनी तो शेवटपर्यंत ऐकून घेतला आणि म्हणाले, "बरं. आता तू बोलू नकोस."

आम्ही चौघे दोन रिक्षांतून गेलो. दोघे भाऊ एका रिक्षात बसायला तयार नव्हते.

दुकान रविवारी अर्धे उघडे होते. शेठनी आतल्या खिडकीची फळी बाजूला केली आणि उन्हाचा एक पट्टा गादीवर पडला. वडिलांनी फडके सोडले. रुपया या वेळी त्यांनी काठाने धरला होता.

शेठनी भिंग उचललेही नाही.

"आ शुं कर्युं?" हे काय केले?

 मग भावाने सांगायला सुरुवात केली. शेठ ऐकत गेले आणि त्यांचे ओठ हलू लागले. ते दोन शब्द मनात जुळवून बघत असावेत. निवेदन संपल्यावर ते हसले नाहीत. कपाळाला हात लावून म्हणाले, "आ घसायेलो नथी, भाऊ. आने तो घस्यो छे." हा झिजलेला नाही, याला तर घासला आहे.

"म्हणजे झिजलेला नाही!" वडील म्हणाले. "ऐकलंस, दादा? शेठ म्हणाले, झिजलेला नाही."

"ते मस्करीत म्हणाले," काका म्हणाले.

"मस्करीत का होईना, म्हणाले."

"थोभो, थोभो," शेठ म्हणाले. "में हजु जोयुं ज नथी." मी अजून बघितलेच नाही.

त्यांनी भिंग लावले. वरची झळक गेली होती, म्हणजे ठरलेला पुरावा गेला होता. हे त्यांनी स्पष्ट सांगितले. राजाच्या गालावरून, झग्यावरून, सपाट जागेवरून, दंतमंजन सगळीकडून सारखेच फिरले होते. आता हत्तीच्या जागी आधी पाणी होते की नव्हते, हे कोणीही सांगू शकणार नव्हते. वडिलांनी मान खाली घातली. काकांनीही कुठे तरी दुसरीकडे बघितले. त्या क्षणी त्यांना आनंद झालेला दिसला नाही, याची नोंद करणे आवश्यक आहे.

मग शेठनी रुपया उलटा केला. परत सुलटा केला. असे अनेकदा केले. काठ उन्हात धरून गोल फिरवला. त्यांनी मला भिंग दिले आणि कुठे बघायचे ते सांगितले.

काठावरच्या उभ्या रेघा सगळीकडे सारख्या, धारदार होत्या. फिरलेल्या रुपयाचा काठ आधी मऊ पडतो. अक्षरांच्या कुशीत, जिथे फडक्याचे टोक पोचत नाही, तिथे जुनी झळक अजून शिल्लक होती. रुपया तिरपा केला की अक्षराच्या कडेने उजेडाची एक रेघ सरकत जात होती. कान, दाढी आणि मुकुटातले मणीही उंच जागा. झीज झाली असती तर तिथेही दिसली असती. ती दिसत नव्हती. शेवटी त्यांनी राजाच्या छातीवरच्या सपाट जागेवर काडीचे टोक ठेवले आणि बरोबर त्याच्या मागे दुसऱ्या हाताचे बोट नेऊन रुपया उलटला. मागच्या बाजूला, नेमके त्याच जागी, वेलीचे एक पान अर्धवट होते. त्याचा देठ होता, एक कड होती, बाकी पान नव्हते. शेजारची पाने शिरांसकट उठलेली होती.

"झिजून दोन्ही बाजू नेमक्या एकाच जागी कशा सपाट होतील?" भाऊ म्हणाला.

"हवे तुं बोले छे ते बराबर," शेठ म्हणाले. ठोका कमी पडला की चांदी दोन्हीकडे कमी पोचते. "हाथी मर्यो नथी. हाथी जन्म्यो ज नथी."

वडिलांनी डोळे मिटले. "म्हणजे बाजार पाह्यला नाही."

"फर्यो नथी. लगभग नहीं ज." फिरलेला नाही, जवळजवळ नाहीच.

"लगभग म्हणजे?" काका म्हणाले.

"लगभग एटले लगभग. हुं कंई १९१९ मां एनी साथे खिस्सामां नहोतो."

काका उठले. परत बसले. मग फार हळू आवाजात, मराठीत, म्हणाले, "म्हणजे थैलीतलाच."

शेठना थैलीचे प्रकरण माहीत नव्हते. वडिलांनी आजोबांची गोष्ट सांगितली. काकांनी तिच्यामागोमाग गावाची. दोघेही एकमेकांना अडवत, दुरुस्त करत बोलत होते. शेठ रुपया एका छोट्या कागदी पाकिटात घालत होते. ते म्हणाले, "तिजोरी पर नोकरी हती ने? तो पगार क्यांथी मळतो?"

"तिजोरीतूनच," वडील म्हणाले.

"तो नवी थेली खुले त्यारे पगारमां नवा सिक्का ज आवे ने. बधाने आवे. पटावाळाने पण आवे."

 बाहेर कोणी तरी स्कूटर चालू करायचा प्रयत्न करत होते.

मी दोघांकडे बघितले. पगार. इतक्या वर्षांत हा शब्द आमच्या घरात कोणी उच्चारला नव्हता. साहेब नाही, बक्षीस नाही, कुलूप नाही, चोर नाही. महिन्याचा पगार घेताना एक रुपया आवडला आणि ठेवून दिला. हे सिद्ध होत नव्हते. पण याला कोणाचीही अडचण नव्हती.

"असं कसं असेल?" वडील म्हणाले.

"शक्यच नाही," काका म्हणाले. "पगाराचा रुपया माणूस कशाला जपून ठेवील?"

"आणि साहेबाचं काय? साहेबाचा चेहरामोहरा सांगायचे आमचे वडील."

"आणि गाव काय उगाच बोललं? काहीतरी झाल्याशिवाय?"

"तेच म्हणतो मी, दादा."

"यांना काय माहीत आपल्याकडचं."

"चांदी विकणारा माणूस. त्याला तिजोरीचं काय कळणार?"

शेठनी माझ्याकडे बघितले. मी न बघितल्यासारखे केले.

परतताना दोघे भाऊ एका रिक्षात बसले. आम्ही दोघे मागच्या रिक्षात. रिंगरोडला सिग्नलवर दोन्ही रिक्षा शेजारी आल्या तेव्हा ते दोघे अजून बोलत होते आणि दोघांचेही हात एकाच दिशेने हलत होते.

मंडळाने रुपया प्रदर्शनात घेतला नाही. साफ केलेले नाणे घेत नाहीत, असे त्यांनी कळवले. वडिलांचे कार्ड परत आले. ते पुन्हा कोणाला दाखवले गेले नाही.

पाकिटावर शेठनी गुजरातीत आपला निर्णय लिहून दिला होता: '१९१९, मुंबई. छाप नबळी. फरेलो नथी. घसेलो.' नबळी म्हणजे कमजोर. फरेलो नथी म्हणजे फिरलेला नाही. घसेलो म्हणजे घासलेला.

त्या दिवाळीला पाडव्याच्या दिवशी काका सहकुटुंब आमच्याकडे जेवायला आले. जेवण झाल्यावर त्यांनी पाकीट मागून घेतले आणि चष्मा लावून वाचले. "हे काय लिहिलंय," ते म्हणाले. "घसेलो. झिजलेला. शेठ तोंडानं काही का म्हणेना, लिहिताना खरं लिहिलं."

भावाने तोंड उघडले. आईने त्याच्या ताटात आणखी एक करंजी टाकली.

"फरेलो नथी, हेही लिहिलंय, दादा," वडील म्हणाले. "बाजार पाह्यला नाही."

"ते तू वाच. मी माझं वाचलं."

पाकीट वडिलांनी परत घेतले आणि देवघराच्या खणात ठेवले. पुढच्या उन्हाळ्यात काका तीस वर्षांनी गावी गेले, एका लग्नाला. तिथे त्यांनी रुपयाबद्दल काय सांगितले याची खात्रीशीर माहिती नाही. परतताना ते एक रात्र आमच्याकडे राहिले.

वडील आणि काका आता नाहीत. रुपया भावाकडे आहे, त्याच पाकिटात. लक्ष्मीपूजनाला तो पाकिटासकट पाटावर ठेवतात. आईने तो पुन्हा घासलेला नाही.